फाटायचं ते फुटलं

मराठीत मोडण्याचं काम एका क्रियापदावर भागत नाही. दोरी तुटते, माठ फुटतो, काठी मोडते, कापड फाटतं, आरसा तडकतो, बांबू पिचतो. बांगडीची तर आणखीच तऱ्हा. घरात आजी असेल तर ती फुटत नाही, वाढते. वस्तू कशी गेली हे सांगता सांगता ती कशाची होती आणि जाताना कशी वागली, हेही आपण सांगून टाकतो. पत्रा फाटतो. पत्रा फुटला असं कुणी म्हणालं, तर ऐकणारा त्याला थांबवून शब्द दुरुस्त करील.

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या गोदीत धक्क्याला बांधलेलं ‘स्केनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज फुटलं. शब्द मी चुकलेलो नाही.

त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे. साधारण १६० मीटर लांबीचं जहाज मधोमध दुभंगलंय. नाळ आणि वरामा, म्हणजे पुढचं आणि मागचं टोक, दोन्ही पाण्यात खाली बसलेत, मधला भाग वर उचलला गेलाय. तडा डेकवरून निघून दोन्ही अंगांनी खाली गेला आणि तळाच्या पत्र्यापाशी थांबला. त्या एका पत्र्यावर सगळं जहाज बिजागरीसारखं अडकून राहिलं. पहिल्यांदा बघताना नजर त्या खिंडारातच जाते. मला मात्र त्याच्या कडा बघाव्याशा वाटतात. पत्रा चुरगळलेला नाही. कुठे पोक नाही, ओढाताण नाही. तुटण्याआधी पोलादाने जराही कुरकुर केल्याची खूण नाही. दिवाळीत धक्का लागून फुटलेली पणती जशी पुन्हा जुळवून ठेवता येते, तसे ते दोन तुकडे जुळवता येतील असं वाटतं. आणि गंमत म्हणजे ते खरोखरच जुळवले गेले. एप्रिल १९४३ मध्ये हेच जहाज दुरुस्त होऊन कामाला लागलं.

जहाज नवंकोरं होतं. समुद्रातल्या चाचण्या उरकून नुकतंच परतलं होतं. पाणी शांत होतं. हवा मात्र गार, उणे तीन अंशांच्या आसपास. फुटल्याचा आवाज मैलभर लांब ऐकू गेला. डेकवर त्या वेळी किती ताण असेल याचं गणित नंतर मांडलं गेलं, तो दर चौरस इंचाला ९,९०० पौंड निघाला. ते पोलाद ज्या ताणाला तुटायला हवं त्याचा हा जेमतेम सहावा हिस्सा. म्हणजे ओझ्याखाली मोडलं म्हणावं, तर ओझंच नव्हतं.

त्या काळात अमेरिकेत जहाजं कापडाच्या ठाणासारखी निघत होती. युद्धाच्या वर्षांत एकट्या ‘लिबर्टी’ जातीची २,७१० जहाजं बांधली गेली. त्यांतलं ‘रॉबर्ट पिअरी’ नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसही न घेता उभं केलं. हा वेग रिबिटांनी साधला नसता. पत्र्याला पत्रा वेल्डिंगने जोडत गेले म्हणूनच साधला. मग सुमारे ४,७०० वेल्डिंगच्या जहाजांपैकी हजाराच्या आसपास जहाजांत लहानमोठे तडे सापडू लागले. काही सरळ दोन तुकडे झाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये अलास्काजवळच्या गार पाण्यात ‘जॉन गेन्स’ दुभंगलं, त्यात दहा माणसं गेली. संशय कुणावर आला हे सांगायला नको. कालपरवा शिकून आलेले जोडारी, त्यांत हजारो बाया. जोडच कच्चे असणार, असं सगळ्यांना वाटलं.

इथे एका बाईचं नाव येतं, आणि ग्रंथालयाच्या यादीत ती एक बाई नाहीच, दोन माणसं आहेत. एक सी. एफ. एलम, दुसरी सी. एफ. टिपर. ‘द डिस्टॉर्शन ऑफ मेटल क्रिस्टल्स’, म्हणजे धातूच्या स्फटिकांचं आकार बदलणं, या विषयावरचं १९३५ चं पुस्तक एलमच्या नावावर. ‘द ब्रिटल फ्रॅक्चर स्टोरी’, म्हणजे ठिसूळ मोडण्याची गोष्ट, हे १९६२ चं पुस्तक टिपरच्या नावावर. दोन्ही कॉन्स्टन्स फ्लिग एलम यांचीच. १९२८ मध्ये जॉर्ज टिपर यांच्याशी लग्न झाल्यावर त्या कॉन्स्टन्स टिपर झाल्या. हे जॉर्ज टिपर आपल्याकडच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. अंदमानच्या खडकांवरचा त्यांचा प्रबंध १९११ चा. लग्नाला सात वर्षं होऊनही बाईंनी १९३५ चं ते पुस्तक माहेरच्या नावाने काढलं. मला या योगायोगात रस वाटतो: माहेरच्या नावाने वाकणं लिहिलं आणि सासरच्या नावाने मोडणं. हा माझा चाळा झाला, बाईंचा तसा काही बेत नसणार. पण त्यांची कारकीर्द वाचायची ती याच क्रमाने, कारण उलटा क्रम लावला तर दुसरा भाग कळतच नाही.

जन्म १८९४ चा. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात १९१२ ते १९१५ शिकल्या. त्या विद्यापीठाने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडावं लागलं, तेव्हा बाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. पुढे लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये हॅरल्ड कार्पेंटर यांच्याबरोबर त्यांनी एक विलक्षण चिकाटीचं काम केलं. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असंख्य बारीक रव्यांचा असतो. लोणकढं तूप थिजल्यावर रवाळ होतं ना, तसंच, फक्त रवे एकमेकांना घट्ट चिकटलेले. तुकडा आधी अगदी थोडासा ताणायचा, मग भट्टीत हळूहळू तापवत न्यायचा. माप अचूक जमलं तर एखादा रवा शेजारच्यांना गिळत गिळत वाढतो आणि अखेर सगळा तुकडा एकाच रव्याचा होतो. ताण जरा कमीजास्त झाला की डाव फसला.

असा एकाच स्फटिकाचा दांडा हाती आल्यावर जी. आय. टेलर यांच्यासोबत त्यांनी जो प्रयोग केला, तो मला एखाद्या नीट घडवलेल्या कवितेइतका आवडतो. १९२३ चं रॉयल सोसायटीचं बेकेरियन व्याख्यान दोघांच्या नावावर आहे ते याचंच. चौकोनी दांड्याच्या अंगावर बारीक रेघा आखल्या. दांडा ओढला. रेघांचे कोन किती बदलले ते मोजलं. पुन्हा ओढला, पुन्हा मोजलं. बस. एवढ्यातून त्यांनी दाखवून दिलं की ओढलेला धातू रबरासारखा सगळीकडून सैल होत नाही. पोळ्यांची चवड कलती धरली की पोळी पोळीवरून घसरते, तसे स्फटिकाचे थर एका ठरावीक पातळीवरून, एका ठरावीक दिशेने सरकतात. अनेक पातळ्यांपैकी सरकते ती, जिला सरकवणारा जोर सगळ्यांत जास्त पोचतो. दोघांनी १९२६ मध्ये लोखंडाच्या स्फटिकांचंही असंच माप काढलं. तिथे सरकणं इतकं शिस्तीचं नव्हतं. लोखंडाची अणूंची मांडणी वेगळी, आणि तिची किंमत सतरा वर्षांनी गोदीत वसूल व्हायची होती.

वाकणं म्हणजे काय, तर आतल्या आत असंख्य ठिकाणी थोडं थोडं सरकून घेणं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. बाईंनी त्यावर वीसेक वर्षं घालवली.

१९४३ मध्ये केंब्रिजच्या इंजिनिअरिंग विभागाची सूत्रं जॉन बेकर यांच्याकडे आली. हे मॉरिसन शेल्टरवाले बेकर. घरात जेवणाचं टेबल म्हणूनही वापरता येणारा पोलादी पिंजरा. बॉम्ब पडून वरचा मजला कोसळला तर पिंजरा वाकतो आणि वाकण्यातच तो मार पचवतो, आतलं कुटुंब वाचतं. बेकर यांची सगळी भिस्त पोलादाच्या लवण्यावर. त्यांच्याच विभागात टिपरबाईंच्या टेबलावर येऊन पडले ते न लवता फुटलेल्या जहाजांचे पत्रे. या योगायोगावर कादंबरीकाराने हात फिरवला असता तर आपण त्याला ‘जरा जास्तच जुळवलंत’ म्हणालो असतो.

आता हे पत्रे वाचायचे कसे? त्यासाठी माझ्या शेल्फवरचा एक लोखंडी तुकडा खाली काढतो.

शाळेत असताना सायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल भर चौकात मोडला. दुकानदाराने दोन्ही तुकडे उजेडात धरून मला दाखवले आणि म्हणाला, “बघ, आत रवा धरलाय. जुनं झालं की लोखंड रवा धरतं.” तो तुकडा मी ठेवून दिला. खरोखर, तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत, दाणेदार दिसतो, साखर फुटल्यासारखा. हा समज त्या दुकानदाराचा एकट्याचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस मोडत तेव्हा भलेभले इंजिनिअर हेच म्हणत की धक्क्यांनी लोखंड आतून स्फटिकी बनलं. प्रत्यक्षात लोखंड पहिल्या दिवसापासून रवाळच असतं. फरक पडतो तो मोडताना. सावकाश, ओढून, सरकत सरकत तुटलं तर प्रत्येक रवा ताणला जातो आणि तोंड मळकट, रेशेदार दिसतं. न सरकता गेलं तर रवा सरळ आपल्या अंगच्या पातळीवर दुभंगतो, आणि ती सपाट पातळी आरशासारखी चमकते. म्हणजे दाणेदार तोंड धातूचं वय सांगत नाही, तो शेवटच्या क्षणी कसा वागला ते सांगतं.

टिपरबाईंच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी याच वाचनावर उभी आहे. जहाजाच्या पत्र्याची पूर्ण जाडीची पट्टी घ्यायची, तासून बारीक केलेली नव्हे. दोन्ही कडांना खाचा पाडायच्या. निरनिराळ्या तापमानाला ती हळूहळू ओढून तोडायची, आणि तुटलेल्या तोंडाचा किती भाग रेशेदार, किती दाणेदार हे मोजायचं. तापमान उतरत गेलं की रेशे कमी होतात आणि मग थोड्याच अंशांच्या पट्ट्यात सगळं तोंड चमकू लागतं. यात मला दाद द्यावीशी वाटते ती ‘हळूहळू’ला. तोवर पोलादाचा ठिसूळपणा पाहायचा तो हातोड्याचा दणका देऊन. शार्पी यांची दणक्याची चाचणी १९०१ पासून वापरात होती. दणका बसल्यावर मोडलं तर नवल काय, असं म्हणायला जागा उरत होती. स्केनेक्टडीला कुणी दणका दिला नव्हता. बाईंनी पट्टीला तेच दिलं जे जहाजाच्या वाट्याला आलं होतं: जाडी, खाच, गारवा आणि अगदी बेताचा ताण. पुरावा तयार करताना त्यांनी गुन्ह्याच्या जागेशी इमान राखलं.

गारव्याने नेमकं काय होतं? घरातली उपमा देतो. गुळाचा पाक गरम असताना तार धरतो, ताटात थापला की चिक्की होते आणि गार झाली की कडकन मोडते. थापताना सुरीने ज्या रेघा मारतो, बरोबर त्यांवरूनच मोडते. ती रेघ म्हणजे खाच. गूळ तोच, वागणं वेगळं. उपमा मात्र इथेच सोडून द्यावी, कारण लोखंडाच्या आत चालतं ते निराळं. लोखंडात थर सरकवायला लागणारा जोर गारव्यात भराभर वाढतो. रवा सरळ दुभंगायला लागणारा जोर मात्र जवळपास तोच राहतो. उबेत सरकणं स्वस्त असतं, म्हणून धातू सरकतो, वाकतो, फाटतो. एका तापमानाखाली दुभंगणंच स्वस्त पडतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये हा भाव असा उलटा होत नाही, कितीही गार करा. खाच हाच सौदा आणखी बिघडवते, कारण तिच्या तळाशी धातूला आजूबाजूने आवळून धरलेलं असतं, सरकायला जागा राहत नाही. पत्रा जाड असेल तर तीच गत. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आपल्याकडे बाण्याचा उद्गार आहे. गोदीत तो रोगाचं लक्षण होता.

मग जोडाऱ्यांचं काय? इथे बाईंच्या कामाची तारीफ करताना लोक जरा वाहवत जातात. जोड निर्दोष, सगळा दोष पोलादाचा, असं सरसकट लिहिलं जातं. तसं नव्हतं. स्केनेक्टडीचा तडा सुरू झाला तो एका सदोष जोडापासूनच. लिबर्टीच्या डेकवरच्या माल उतरवायच्या तोंडाचे कोपरे चौकोनी होते, तिथेही तडे सुरू होत; पुढे ते गोल केले. पण कच्चा जोड किंवा टोकदार कोपरा ही फक्त ठिणगी. चांगल्या पोलादात ती वीतभर जाऊन विझली असती. या पोलादात कार्बनच्या मानाने मँगनीज कमी होतं आणि रवे जाड होते. काही पत्र्यांत तर फुटण्याचं तापमान गोठणबिंदूच्या बरंच वर निघालं. वेल्डिंगचा दुसरा वाटा असा की त्याने सगळं जहाज अखंड एक केलं. रिबिटांच्या जहाजातही असाच वाईट पत्रा असायचा, फुटायचाही. पण तडा पत्र्याच्या कडेला पोचला की पुढे जायला रस्ताच नसे. अखंडपणाने तड्याला हमरस्ता दिला. म्हणून नंतरच्या जहाजांच्या डेकवर मुद्दाम लांब चिरे पाडून त्यांवर रिबिटांच्या पट्ट्या बसवल्या: तडा आलाच तर त्याला दमायला एक टप्पा.

बाईंच्या कामातला १९४९ चा एक लेख मला या सगळ्यात फार महत्त्वाचा वाटतो, आणि जहाजांच्या गडबडीत तो झाकला जातो. याच वर्षी त्या केंब्रिजमध्ये रीडर झाल्या; इंजिनिअरिंगच्या पूर्णवेळ अध्यापकांत त्या एकट्याच बाई. ठिसूळ मोडण्याची चौकशी करणाऱ्या या बाईंनी त्या लेखात चांगल्या, चिवट धातूचं तुटणंही वाचलं. दांडा ओढला की मध्ये कंबर बारीक होते आणि तिथे तुटतो, हे सगळेच पाहत आले होते. बाईंनी म्हटलं की सुरुवात आत होते. धातूत राहून गेलेल्या परक्या कणांपाशी आधी बारीक भोकं पडतात, ती वाढतात, एकमेकांना मिळतात, आणि मग तोंड उघडतं. पुढे हीच कल्पना या अभ्यासशाखेचा पाया ठरली. म्हणजे फुटण्याचा छडा लावायला बसलेली व्यक्ती फाटण्याकडेही तितक्याच कुतूहलाने पाहत होती. चिवट पोलाद तुटलं याचं आपल्याला काही वाटत नाही, त्याने झुंज दिली असं समजून आपण पुढे जातो. बाई तिथेही थांबल्या.

केंब्रिजमध्येच चार्ल्स ओटली यांचा चमू स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घडवत होता. यंत्र अजून बाजारात आलं नव्हतं, तेव्हा बाईंनी दोन सहकाऱ्यांसह त्याखाली लोखंडाच्या स्फटिकांची तुटलेली तोंडं ठेवली; तो निबंध १९५९ चा. वय पासष्ट. अशा चित्रांत दुभंगलेल्या रव्याच्या सपाटीवर बारीक पायऱ्यांच्या रेघा दिसतात आणि त्या एकमेकींना मिळत जातात: ओहोळ ओढ्याला, ओढा नदीला. धातूशास्त्रात या खुणांना नदीचंच नाव पडलंय. जिकडे त्या मिळत जातात तिकडे तडा धावत होता. जहाजाच्या पत्र्यावर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा मात्र उलट्या: बाणाच्या टोकांची एकामागून एक रांग, आणि टोकं वळलेली असतात जिथून तडा निघाला त्या बाजूला. एकाच तोंडावर कुठे चाललो आणि कुठून आलो, दोन्ही लिहिलेलं.

१९६० मध्ये निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी ‘द ब्रिटल फ्रॅक्चर स्टोरी’ आलं. आधीच्या पुस्तकाच्या नावात विषय होता, या नावात ‘स्टोरी’, गोष्ट. इंजिनिअरिंगच्या पुस्तकाला शोभेल असे शब्द पुष्कळ होते. मला वाटतं, हा शब्द निवडला कारण तुटलेल्या तोंडाला खरंच सुरुवात असते, ती शोधावी लागते, आणि शेवट आधीच हातात असतो. टिपरबाई १९९५ पर्यंत जगल्या, एकशे एक वर्षं.

एवढं वाचल्यावर शेल्फवरचा एक्सल भिंगाखाली धरला. दाणेदार अर्धा भाग होताच. तो शेवटच्या क्षणाचा. उरलेला अर्धा लहानपणी मी नीट पाहिलाच नव्हता. तो गुळगुळीत आहे, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशी एकाबाहेर एक वळी आहेत. हे फुटणंही नव्हे, फाटणंही नव्हे. रोज शाळेत जाता-येता तडा कणाकणाने पुढे सरकत होता. यासाठी मराठीत एक चपखल क्रियापद मला अजून सुचलेलं नाही. वळी लहान लहान होत एका बाजूला जातात. तिथे, बाहेरून तिसऱ्या आट्याच्या खाचेत, एक बारीक तपकिरी ठिपका आहे. गंज आधीचा आहे, माझ्या शेल्फवरचा नाही.